एडिटर एक दाखवतो, पेडल दुसरंच वाजवतं

आधी प्रश्न थोडक्यात. गिटारचं यूएसबीवालं मल्टीइफेक्ट पेडल आहे, म्हणजे अनेक इफेक्ट एकाच डब्यात, सोबत कंपनीचा एडिटर, म्हणजे कॉम्प्युटरवरून ते इफेक्ट लावायचं सॉफ्टवेअर. तो कधी पेडल ओळखतो, कधी ओळखत नाही. स्क्रीनवर बसून केलेले बदल पेडल बंद करून चालू केलं की गायब. फर्मवेअर (पेडलच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं तर एडिटर अडून बसला आणि काही जुने पॅच (साठवलेले टोन) वेगळेच वाजू लागले. हेडफोनवर झकास वाटलेला टोन तालमीत पातळ. ब्राउझरमधला एडिटर आयपॅडवर चालतच नाही. आणि या सगळ्याला कंटाळून विचारलेलं: हे विकून नॉबवाली साधी पेडलं घ्यावीत का?

विकू नका, निदान अजून तरी. यातल्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ एकच आहे आणि ते कळलं की वैताग अर्धा होतो. तुमच्या एका टोनच्या एकाच वेळी तीन प्रती असतात. एक पेडलच्या कायमच्या मेमरीत साठवलेली. दुसरी पेडलच्या एडिट बफरमध्ये, म्हणजे आत्ता प्रत्यक्ष वाजतेय ती. तिसरी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दिसणारी. एडिटर बनवणारा असं भासवतो की तिन्ही एकच आहेत. त्या एक नसतात, त्यांना सतत एकमेकींशी जुळवत राहावं लागतं, आणि जुळवणी कुठेतरी चुकली की आपण म्हणतो सॉफ्टवेअर भिकार आहे. (कधीकधी ते खरंच भिकार असतं. त्यावर पुढे.)

जुळवणीचं काम बहुतेक पेडलांत मिडीवर, म्हणजे वाद्यांच्या एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या भाषेत, चालतं, आणि मिडी आलं 1983 मध्ये, कीबोर्ड एकमेकांना जोडायला. त्यात साध्या कंट्रोल चेंज संदेशातली, म्हणजे एखादी सेटिंग बदलायला सांगणाऱ्या संदेशातली, किंमत 0 ते 127 यांमधलीच असते. आणि तो संदेश पाठवणाऱ्याला पोचपावती मिळत नाही. एडिटरने 'फीडबॅक 64' (फीडबॅक म्हणजे डिले या प्रतिध्वनीच्या इफेक्टची पुनरावृत्ती किती व्हावी ते) असं पाठवलं की त्याचं काम संपलं, पेडलने ते ऐकलं की नाही हे त्याला कळायची सोय त्या संदेशात नाही. संपूर्ण पॅच पाठवायचा असेल तर सिस्टिम एक्सक्लुझिव्ह, बोलीभाषेत सिसेक्स, वापरतात. हेक्स, म्हणजे सोळा अंकांच्या आकडेपद्धतीतल्या, एफ0 ने तो सुरू होतो, एफ7 ने संपतो आणि मधे काय भरायचं ते प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते. म्हणून एका कंपनीचा एडिटर दुसऱ्या कंपनीच्या पेडलला चालत नाही, आणि पुष्कळदा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांनाही वेगवेगळे एडिटर लागतात.

आता गायब होणाऱ्या बदलांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप तिथेच होतो.

तुम्ही पॅच क्रमांक 12 उघडलात. स्क्रीनवर डिलेचा फीडबॅक 35 वरून 50 वर नेलात, कानाला लगेच फरक जाणवला. तो बदल एडिट बफरमध्ये झाला. मेमरीतल्या 12 मध्ये फीडबॅक अजून 35 च आहे. मग तुम्ही 'सेव्ह' दाबलंत. इथे गोम आहे: अनेक एडिटरांत 'सेव्ह' म्हणजे कॉम्प्युटरवरच्या लायब्ररीत फाइल ठेवणं, आणि पेडलमध्ये लिहिण्यासाठी वेगळं बटण असतं. कुठे त्याला 'राइट' म्हणतात, कुठे 'स्टोअर', कुठे पॅच ओढून पेडलच्या यादीत नेऊन टाकावा लागतो. त्यानंतर तुम्ही फुटस्विच दाबून 13 वर गेलात आणि परत 12 वर आलात. पेडलने मेमरीतला 12 बफरमध्ये आणला, फीडबॅक परत 35. ज्या एडिटरला पॅच बदलल्याची खबर मिळत नाही त्याच्या स्क्रीनवर मात्र अजूनही 50 दिसतंय. आता तुम्ही त्या 50 वर विश्वास ठेवून पुढचे बदल करणार, आणि कान म्हणणार की काहीतरी चुकतंय.

नवा एडिटर हातात आला की मी पहिल्यांदा हेच तपासतो. एखादी ठळक गोष्ट बदलायची, म्हणजे रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) पूर्ण वर. सेव्ह करायचं. एडिटर बंद, केबल काढायची, पेडलची वीज काढून परत द्यायची. रिव्हर्ब तसाच आहे का? मग उलट बाजूने: पेडलवरचा नॉब फिरवायचा आणि स्क्रीनवरचा हलतो का ते पाहायचं. फुटस्विचने पॅच बदलायचा, स्क्रीनवर नाव बदलतं का पाहायचं. पाचेक मिनिटांत कळतं की हा एडिटर दोन्ही बाजूंनी बोलतो की नुसता हुकूम सोडतो. नुसता हुकूम सोडणारा असेल तर तो उघडा असताना पेडलला हात लावायचा नाही, आणि पेडलवर काही बदललं असेल तर आधी 'पेडलवरून पुन्हा वाचा' अशा अर्थाचं बटण दाबायचं.

नॉबचीही एक भानगड आहे. पेडलवरचा साधा नॉब जिथे शेवटी सोडला तिथेच उभा राहतो, पण पॅचमधली किंमत वेगळी असते. स्क्रीनवरून मिक्स 20 केलात, नॉब मात्र 80 वर उभा. नॉबला नुसता धक्का लागला की किंमत थेट 80 वर उडी मारते. काही पेडलांच्या ग्लोबल, म्हणजे सगळ्या पॅचना लागू असलेल्या, सेटिंगमध्ये यासाठी पर्याय असतो. 'जंप'ऐवजी 'कॅच' किंवा 'पिकअप' निवडलं तर नॉब साठवलेल्या किमतीवरून जाईपर्यंत काही होत नाही. स्टेजवर वापरणार असाल तर हा पर्याय आधी शोधा. कितीही गोल फिरणाऱ्या, टोक नसलेल्या नॉबच्या (एन्कोडरच्या) पेडलांत हा त्रास नसतो.

आणि सगळ्यात घातक क्षण म्हणजे जोडणीचा. काही एडिटर सुरू होताच विचारतात की पेडलवरचं इकडे आणायचं की इकडचं पेडलवर पाठवायचं. घाईत दुसरा पर्याय निवडला तर जुनी लायब्ररी पेडलवर चढते आणि पेडलवर केलेलं सगळं पुसलं जातं. हा प्रश्न दिसला की माउसवरून हात काढा आणि दोनदा वाचा. बॅकअप मात्र नेहमी पेडलवरून कॉम्प्युटरकडे, तारीख घातलेल्या नव्या फाइलमध्ये घ्यायचा. जुन्या बॅकअपवर लिहायचं नाही. फाइल लहान असते, जागेची काळजी नको.

बॅकअप यूएसबीऐवजी पाच पिनांच्या जुन्या मिडी केबलने घेत असाल तर धीर धरा. त्या केबलचा वेग सेकंदाला 31,250 बिट, म्हणजे साधारण 3,125 बाइट. एका पॅचचे समजा 650 बाइट धरले आणि असे 300 पॅच असले तर नुसत्या वहनालाच मिनिटभर लागतं. मधेच रद्द केलं तर अर्धवट फाइल हाती येते. स्वस्तातली यूएसबी-मिडी केबल मोठे सिसेक्स संदेश मधेच तोडते, हाही नेहमीचा अनुभव. मॅकवर सिसेक्स लायब्रेरियन, विंडोजवर मिडी-ऑक्स ही साधनं त्यासाठी उपयोगी आहेत. त्यांत दोन संदेशांमध्ये थोडी विश्रांती ठेवता येते. 100-200 मिलिसेकंदांची उसंत दिली की पेडलला लिहून घ्यायला वेळ मिळतो आणि 'चेकसम एरर' (डेटा नीट पोचला नाही) छापाचे संदेश बरेचदा थांबतात.

पेडल ओळखलंच जात नाही या तक्रारीत सॉफ्टवेअरवर खापर फोडण्याआधी केबल बदला. हसू नका. हेडफोनसोबत आलेल्या कित्येक केबलींमध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या दोन तारा नसतातच. जी केबल लावून फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर उतरवता येतात तीच लावा आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवून ठेवा. हब काढून थेट पोर्टला जोडा. पेडलला त्याचा अॅडॅप्टर लावलेला असू द्या, यूएसबीच्या विजेवर विसंबू नका.

तरीही ओळखत नसेल तर पाहा की दुसरं कोणी त्याला धरून बसलंय का. विंडोजवर जुन्या पद्धतीच्या बहुतेक मिडी ड्रायव्हरांत एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आधी उघडलं की ते समोर दिसतील ते सगळे मिडी पोर्ट ताब्यात घेतं आणि एडिटर म्हणतो पेडल जोडलेलं नाही. कधी ओळखतो, कधी नाही, या कोड्याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं: त्या दिवशी आधी काय उघडलं होतं. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या मिडी सेटिंगमध्ये जाऊन पेडलचा पोर्ट बंद करा, कायमचा. ब्राउझरमध्ये उघडा राहिलेला एखादा मिडी टॅबही असाच अडवतो. मॅकवर एक पोर्ट अनेकांना वापरता येतो, त्यामुळे तिथे हा त्रास कमी, पण तिथेही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आलेले संदेश परत पेडलकडे पाठवत असेल तर घोळ होतो. पॅच आपोआप बदलणं किंवा नॉब थरथरणं हे त्याचं लक्षण.

विंडोजवर आणखी एक बारीक गोष्ट. ज्या उपकरणाला स्वतःचा यूएसबी अनुक्रमांक नसतो, ते दर वेळी वेगळ्या पोर्टला लावलं की विंडोज त्याला नवं उपकरण समजतं. एडिटर मात्र जुनंच नाव शोधत राहतो. पेडलसाठी एक पोर्ट ठरवून टाका. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमधल्या मिडी स्टुडिओत पेडल ठळक दिसतंय की फिकट ते पाहा. फिकट म्हणजे सिस्टिमला त्याची आठवण आहे, पण ते आत्ता पोचत नाहीये. तिथे फिकट असताना एडिटर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करण्यात अर्थ नाही.

ब्लूटूथवाल्या पेडलांचा वेगळाच खाक्या. मिडीसाठी वापरलं जाणारं लो एनर्जी ब्लूटूथ हे हेडफोनसारखं फोनच्या सेटिंगमधून जोडायचं नसतं, ॲपच्या आतून जोडायचं असतं. सेटिंगमधून जोडून बसलात तर ॲपला ते सापडत नाही. जोडलेलं 'विसरा' आणि ॲपमधून शोधा. अँड्रॉइड 11 पर्यंत आसपासची अशी उपकरणं शोधायला लोकेशनची परवानगी लागायची. गिटारच्या ॲपला माझं ठिकाण कशाला हवं म्हणून लोक नाकारायचे आणि मग पेडल काही केल्या दिसायचं नाही. अँड्रॉइड 12 पासून त्यासाठी वेगळी परवानगी आली, पण जुना फोन असेल तर हे आजही तपासा.

या सगळ्या जंजाळात एका जुन्या युक्तीचं मला फार कौतुक आहे. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या टोनप्रिंट पेडलांत फोनचा स्पीकर गिटारच्या पिकअपजवळ धरायचा आणि सेटिंग सिग्नलच्या रूपाने गिटारच्या केबलमधून पेडलमध्ये जायचं. ना ड्रायव्हर, ना पोर्ट. आणि त्यात एक प्रामाणिकपणाही होता: संवाद एकतर्फी आहे हे उघड असल्यामुळे पेडलमध्ये काय आहे ते आपल्याला दिसतंय, असा आव ते ॲप आणू शकत नव्हतं.

फर्मवेअर. अपडेटनंतर एडिटर अडला, कारण पेडलमधल्या पॅरामीटरांची यादी बदलली आणि एडिटरकडे जुनी यादी आहे. नव्या रिव्हर्बचा एखादा पॅरामीटर मधेच घुसला की त्यापुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकू शकतात. अशा वेळी एडिटरने आंधळेपणाने बोलण्यापेक्षा थांबलेलं बरं. लाइन 6 चा एचएक्स एडिट म्हणूनच फर्मवेअरच्या जोडीची आवृत्ती मागतो. फ्रॅक्टलचे एडिटर नव्या फर्मवेअरनंतर पेडलकडून ब्लॉकची माहिती पुन्हा वाचून घेतात, त्याला वेळ लागतो आणि लोक वैतागतात, पण पद्धत बरोबर आहे. तुमचे जुने पॅच वेगळे वाजतायत त्यामागे बहुधा दोनांपैकी एक कारण असेल. एखाद्या मॉडेलचा अल्गोरिदमच सुधारला असेल, किंवा ग्लोबल सेटिंग मूळपदावर गेली असतील. आधी दुसरं तपासा: इनपुट इम्पिडन्स, आउटपुट लाइन की इन्स्ट्रुमेंट, कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरच्या खोक्याची नक्कल) ग्लोबल चालू की बंद. अपडेटमुळे पॅच बिघडले म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा आउटपुट लेव्हल तेवढा बदललेला असतो.

अपडेट कधी करायचं? कार्यक्रमाच्या आठवड्यात नाही, एवढं पक्कं. करताना आधी एडिटरची नवी आवृत्ती, मग बॅकअप, मग फर्मवेअर. लॅपटॉप चार्जरवर, स्लीप बंद, बाकी सगळे ऑडिओ प्रोग्रॅम बंद. अपडेट मधेच अडकलं तर घाबरून लगेच केबल उपटू नका. आणि शेवटी उपटावीच लागली तरी बहुतेक पेडलांत ठरावीक फुटस्विच दाबून वीज दिली की अपडेट मोड परत येतो. ते फुटस्विच कुठले हे अपडेटच्या आधी मॅन्युअलमध्ये वाचून ठेवायचं.

काही तक्रारी मात्र सरळ कंपन्यांच्या पदरात घालण्याजोग्या आहेत. चांगलं चालणारं पेडल आणि मेलेला एडिटर ही जोडी आता नेहमीची झालीय. ॲपलने 2017 मध्ये आयओएस 11 पासून आणि 2019 मध्ये मॅकओएस कॅटालिनापासून 32 बिटी प्रोग्रॅम चालवणं बंद केलं, आणि ज्या कंपन्यांनी आपले एडिटर नव्याने बांधले नाहीत त्यांच्या ग्राहकांच्या हातात मुके डबे राहिले. त्यात पेडलच्या अंगावर नॉब कमी आणि खोलातली सेटिंग फक्त ॲपमध्ये, असा प्रकार असेल तर नुकसान दुप्पट. जुनं पेडल आवडतं असेल तर एक जुना लॅपटॉप त्याच्यासाठी राखून ठेवा, इंटरनेटला न जोडता. किंवा जुनी सिस्टिम व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून यूएसबी तिला द्या. जमतं, जरा खटपट आहे. लॉगिन केल्याशिवाय स्वतःच्याच पेडलचे पॅच दाखवत नाही असा एडिटर असेल तर त्याबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही.

स्क्रीनवरच्या आकड्यांवरही फार भरवसा ठेवू नका. 20 ते 2,000 मिलिसेकंदांचा डिले जर 0 ते 127 मध्ये बसवला असेल तर एक पायरी पडते साडेपंधरा मिलिसेकंदांची. 120 च्या टेम्पोला डॉटेड आठव्या भागाचा डिले 375 मिलिसेकंद हवा. तो नेमका मिळेलच असं नाही, जवळची पायरी मिळेल, आणि फीडबॅक जास्त असला की दर पुनरावृत्तीला फरक साचत जाऊन प्रतिध्वनी तालाशी भांडू लागतो. चांगले एडिटर दोन संदेश जोडून 16,384 पायऱ्या देतात किंवा सिसेक्समधून पूर्ण आकडा पाठवतात. तुमचा यांतला नसेल तर डिलेची वेळ स्क्रीनवरून न ठेवता टॅप टेम्पोवर (पायाने ठेका देऊन) किंवा मिडी क्लॉकवर सोडा.

आता तालमीत पातळ होणारा टोन. यात एडिटरचा थेट दोष नाही, पण तो मोह घालतो. खुर्चीत बसून, हेडफोन लावून, वक्ररेषा बघत इक्यू ओढायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं की आवाज कमी असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो. अगदी वरच्या टोकाचंही साधारण तसंच. म्हणून हळू आवाजात आपण खालचं आणि वरचं दोन्ही वाढवून ठेवतो. तोच पॅच मोठ्याने लावला की खर्ज गदगदतो, ट्रेबल टोचतो आणि मधला भाग, जिथे गिटार बँडमध्ये ऐकू येते, तो पोकळ निघतो. घरी एडिटरवर फक्त रचना करा: कुठला इफेक्ट कशाच्या आधी, फुटस्विच कशाला, नावं, क्रम. गेन, इक्यू आणि पॅचमधली लेव्हल तालमीच्या आवाजावर, उभं राहून, पेडलच्या नॉबनेच लावा. मग तेवढंच पेडलवर साठवा आणि घरी येऊन बॅकअप घ्या.

यूएसबी लावल्यावर ॲम्पमधून बारीक किणकिण येते ती बहुधा कॉम्प्युटर आणि पेडल यांच्यातल्या ग्राउंड लूपची. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, गेली तर निदान पक्कं. एडिटिंगपुरतं बॅटरीवर चालवा किंवा यूएसबी आयसोलेटर घ्या. त्या आवाजावर उपाय म्हणून पॅचमध्ये नॉइज गेट (हळू आवाज बंद करणारा इफेक्ट) वाढवू नका, कारण केबल काढली की गेट सूर गिळायला लागतो.

विकण्याबद्दल. सहा पॅचच्या वर कधी वापरत नसाल, ते गाण्यागणिक बदलत नसतील आणि वर सांगितलेल्या चाचणीत तुमचा एडिटर एकतर्फी निघाला, तर हो, नॉबवाली पेडलं तुम्हाला जास्त सुख देतील. पण पॅच सतत बदलत असतील तर पेडल ठेवा. पुढचं घेताना मात्र मॅन्युअल आधी उतरवून घ्या आणि दोन गोष्टी पाहा: कॉम्प्युटरशिवाय प्रत्येक पॅरामीटरपर्यंत पोचता येतं का, आणि मिडीचा तक्ता छापलाय का. तक्ता जाहीर असेल तर कंपनीने एडिटर सोडून दिला तरी दुसरं कोणीतरी बनवू शकतं.

राहिला आयपॅड. ब्राउझरमधला एडिटर वेब मिडी, म्हणजे ब्राउझरला मिडी उपकरणांशी बोलू देणारी सोय, वापरतो. क्रोममध्ये ते 2015 पासून आहे, फायरफॉक्समध्ये 2022 च्या डिसेंबरात आलं, सफारीत नाही. आयपॅडवर क्रोमच्या नावाचं ॲप टाकलंत तरी आतून सफारीचंच इंजिन चालतं, त्यामुळे तिथेही तेच. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये उघडा, आणि पान परवानगी मागेल तेव्हा सिसेक्सचीही द्या. नुसत्या मिडीला हो आणि सिसेक्सला नाही म्हटलंत तर पेडल यादीत दिसेल, पण पॅच काही उघडणार नाहीत.